हिवाळ्याला कामाला लावा: उत्तरेच्या गोठलेल्या रानात रूळ कसे टाकायचे

माझी सगळी नोकरी रूळमार्गाच्या बांधणीत आणि देखभालीत गेली. गेली कित्येक वर्षं मला अलास्का, युकॉन आणि हडसन बे इथल्या जुन्या रेल्वेमार्गांनी झपाटलंय. या मार्गांच्या शौर्यकथा भरपूर वाचायला मिळतात. काम कोणत्या क्रमाने केलं आणि कशासाठी, हे मात्र तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावं लागतं. ते एका जागी असावं म्हणून लिहितेय. समजा, साल १९०० च्या आगेमागचं आहे. हातात दोनेकशे मैलांचं कंत्राट आहे, रस्ता नाही, गाव नाही आणि जवळचं लोखंडाचं दुकान जहाजाने हजार मैलांवर. तर असं करा.

पहिली गोष्ट, वेळापत्रक उलटं मांडा. इतरत्र थंडीत काम मंदावतं. इथे अवजड सामान हलवायचा हंगामच हिवाळा. उन्हाळ्यात हे रान म्हणजे नुसती दलदल, डास आणि फुगलेल्या नद्या. खेचर पोटापर्यंत रुततं. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर तीच नदी घट्ट होते आणि घसरगाड्यांचा सपाट रस्ता बनते. म्हणून झाडतोड, स्लीपरचं लाकूड ओढणं, बॉयलर आणि पुलाचं पोलाद पुढच्या तळांवर नेऊन टाकणं, पाण्यात खांब ठोकणं, हे सगळं थंडीत. माती आणि खडीचं काम उन्हाळ्यात, कारण गोठलेली माती कुदळीला दाद देत नाही, आणि ढेकळांचा भराव घातलाच तर मे महिन्यात तो विरघळून बसतो.

१९०७ साली अलास्कातल्या कॉपर नदीच्या रेल्वेमार्गासाठी एक आख्खी आगबोट सुटी करून वाल्डीझहून मार्शल खिंडीतून बर्फावरून घसरगाड्यांनी ओढत नेली आणि नदीकाठी जोडली. उन्हाळ्यात हे कुणाला जमलं नसतं.

आधी बंदर

रूळ कुठून सुरू करायचे, इथेच सगळ्यात महागडी चूक होते. तुमचा प्रत्येक रूळ, प्रत्येक खिळा जहाजाने येणार. नकाशावर मार्ग सर्वांत जवळचा कुठून पडतो हे नंतर बघा. वादळात जहाज कुठे शांत उभं राहील हे आधी.

कॉपर नदीच्या मार्गासाठी गुगेनहाइम-मॉर्गन गटाने आधी कटाला हे ठिकाण धरलं. अंतर कमी, कोळसा जवळ. पण किनारा उघडा. १९०७ च्या शरदातल्या वादळांनी तिथला लाटारोधक बांध आणि धक्का मोडून टाकला. मायकल हेनी या कंत्राटदाराने तोवर कॉर्डोव्हाचं आडोशाचं बंदर हेरून तिथून काम सुरू केलेलंच होतं; अखेर सगळ्यांना तिथेच यावं लागलं. कॅनडातल्या हडसन बे मार्गाचंही तेच. आधी पोर्ट नेल्सनवर वर्षानुवर्षं पैसा ओतला, पण तिथे नदी गाळाने भरलेली आणि पाणी उथळ. १९२७ मध्ये फ्रेडरिक पामर यांच्या अहवालानंतर मार्गाचं टोक चर्चिलकडे वळवलं. दोन्ही ठिकाणी बंदरासाठी एक हिवाळा घालवून नीट पाहणी केली असती, तर किती माणसांचे हाल वाचले असते, हे माझ्या मनातून जात नाही.

आखणी: बर्फ गेल्यावर एकदा, बर्फ असताना एकदा

एकाच ऋतूत आखलेल्या मार्गावर भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात जमीन दिसते, पण हिमलोट कुठून येतात ते कळत नाही. हिवाळ्यात उलट. उतारावरच्या जंगलात एखादा सरळ पट्टा फक्त कोवळ्या, वाकलेल्या झुडपांचा असेल, तर तो हिमलोटाचा रस्ता समजा.

नदीकाठी झाडांच्या साली बघा. प्रवाहाकडे तोंड करून असलेल्या बाजूवर सोललेले, जुने-नवे ओरखडे असतात. वसंतात नदीचा बर्फ फुटून वाहतो, तेव्हा लाद्या काठावर चढून झाडांना घासतात. सर्वांत वरच्या ओरखड्याची उंची मोजा आणि रुळाची पातळी त्याच्या वर ठेवा. नदीच्या पुराची कसलीही नोंद नसलेल्या मुलखात हीच तुमची नोंदवही.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं म्हणाल तर डोंगरात अरुंदच बरा. अलास्कातल्या स्कॅग्वेहून युकॉनकडे जाणाऱ्या व्हाइट पास मार्गाने तीन फुटी गेज घेतला. त्याला सुमारे १० फूट रुंदीचा बेड पुरतो. प्रमाण गेजला १५ लागला असता. उभ्या ग्रॅनाइटमध्ये तो पाच फुटांचा फरक म्हणजे महिन्यांचे सुरुंग. शिवाय वळणंही जास्त तीव्र घेता येतात. तिथे स्कॅग्वेच्या समुद्रपातळीपासून २० मैलांत २,८८५ फूट चढायचं होतं आणि काही ठिकाणी चढ ३.९ टक्के आहे. स्कॅग्वेहून निघताना डाव्या खिडकीशी बसलं की तो कोरलेला कट्टा बाहेरून बघायला मिळतो. मी तो बघत असताना माझ्या डोक्यात फक्त घनफुटांचे हिशेब चालले होते. सपाट मुलखात मात्र अरुंद गेजच्या मोहात पडू नका. कॉपर नदीचा मार्ग तांब्याचं खनिज वाहण्यासाठी होता आणि तो प्रमाण गेजचाच केला, ते योग्यच झालं.

मॉसला हात लावू नका

माझ्या मते या सगळ्या लेखातलं सर्वांत मोलाचं कलम हेच. इतरत्र भराव घालण्याआधी वरचा मऊ थर खरवडून काढतात, घट्ट जमीन लागेपर्यंत. रूळमार्गाचं शिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाडीमांसी हे भिनलेलं असतं. कायम गोठलेल्या जमिनीवर असं केलंत की मार्ग बुडाला म्हणून समजा.

कारण सांगते. वरचा फूट-दोन फुटांचा मॉस आणि कुजलेल्या पानांचा थर उन्हाळ्यात सुकतो. सुका मॉस उष्णता आत जाऊ देत नाही. हिवाळ्यात तोच थर पाण्याने भरून गोठतो, आणि बर्फ पाण्याच्या जवळजवळ चौपट वेगाने उष्णता वाहून नेतो. म्हणजे उन्हाळ्यात दार बंद, हिवाळ्यात उघडं. जमिनीतली उष्णता बाहेर पडते, बाहेरची आत शिरत नाही. हा थर काढला की खालचा हजारो वर्षांचा बर्फ वितळायला लागतो, आणि त्या मातीत निम्म्याहून जास्त बर्फच असला तर खाली उरतो तो चिखल. मग दरवर्षी खडी ओतत राहा, रूळ दरवर्षी खचणारच.

म्हणून झाडं जमिनीलगत कापा, बुंधे उपटू नका. फांद्या आणि बारीक ओंडके मार्गाला आडवे अंथरा. त्यावर खडबडीत, पाणी झिरपणारा मुरूम टाका. एरवी हे काम उन्हाळ्यातलं, पण मॉसवरचा हा पहिला थर मात्र जमीन गोठलेली असतानाच, म्हणजे गाडीच्या चाकांनी मॉस फाटत नाही. मातीसाठी मार्गाच्या कडेलाच खड्डे खणण्याची सवय सोडा. त्या खड्ड्यांत पाणी साठतं, पाणी ऊन शोषतं आणि भरावाच्या पायथ्याखालचा बर्फ वितळवतं. मुरूम लांबून, कोरड्या टेकाडातून आणा. गाडीभाडं जास्त पडलं तरी चालेल. आणि दक्षिणेकडचा उतार जास्त पसरट ठेवा, कारण ऊन त्याच अंगाला लागतं.

खोदाई शक्यतो टाळाच. गोठलेल्या गाळात कटिंग केलं की दोन्ही भिंती उन्हाळ्यात ओघळून रुळावर येतात. चढ थोडा वाढला तरी हरकत नाही, भरावावरूनच जा.

हडसन बे मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात हे तत्त्व पार टोकाला नेलं. १९२८-२९ च्या हिवाळ्यात गोठलेल्या दलदलीवर स्लीपर आणि रूळ थेट टाकत गेले, २९ मार्च १९२९ रोजी चर्चिल गाठलं, आणि मग त्याच रुळांवरून उन्हाळ्यात खडीच्या गाड्या नेऊन मार्ग उचलून घेतला. रुळानेच स्वतःची खडी आणली. खडी नसलेल्या रुळावरून गाड्या अगदी हळू न्याव्या लागतात, पण दलदलीत दुसरा मार्गच नव्हता.

याच मार्गावर तारेचे खांब तीन-तीन लाकडांच्या तिकाटण्यांवर उभे केले होते. एकटा पुरलेला खांब गोठण-वितळणीच्या प्रत्येक चक्रात थोडाथोडा वर ढकलला जातो आणि शेवटी आडवा होतो. तिकाटणं पुरावंच लागत नाही.

सुरुंग

त्या काळच्या डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच गोठतं. म्हणजे उत्तरेत वर्षातले बहुतेक दिवस तुमच्या कांड्या दगडासारख्या असणार. गोठलेली कांडी धड उडत नाही. अर्धवट उडालेली भोकात राहते आणि पुढच्या पाळीतला माणूस त्यावर पहार मारतो. ती मोडायला, कापायला, पेटवणारी टोपी (डिटोनेटर) खुपसायला गेलात तरी धोका.

वितळवण्याची रीत एकच: दोन भिंतींचं पातेलं, बाहेरच्या कप्प्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी, आतल्या कोरड्या कप्प्यात कांड्या. पाणी दुसरीकडे तापवून आणून ओतायचं. पातेलं विस्तवावर ठेवायचं नाही. शेगडीवर, स्टोव्हच्या कडेला, भट्टीजवळच्या फळीवर कांड्या ठेवून कितीतरी तळांवर माणसं गेली आहेत. वितळवायचं काम एकाच जबाबदार माणसाकडे द्या, त्याची झोपडी तळापासून लांब ठेवा आणि त्याला घाई करू नका. कांडीवर तेलकट घाम दिसला तर ती वापरातून बाहेर.

सुरुंगाची काळी दारू गोठत नाही म्हणून मोठे कडे उडवायला तीही जवळ ठेवा. व्हाइट पासवर एकूण सुमारे ४५० टन स्फोटकं लागली. तिथे कड्यावरून दोरांना लटकून माणसं भोकं पाडत. ३ ऑगस्ट १८९८ रोजी एका स्फोटानंतर १०० टनांची शिळा दोन कामगारांवर कोसळली. ती अजून तिथेच आहे, वर काळा क्रूस. स्फोटानंतर वरचा कडा पहारीने ठोकून, सैल दगड खाली पाडूनच माणसांना खाली सोडायचं, हा नियम लिहून तळावर लावा.

पूल हिवाळ्यात उभे करा, पण तारीख पाळा

नदी गोठली की तिच्यावर उभं राहून खांब ठोकता येतात. तराफे नकोत, बोटी नकोत. कायम गोठलेल्या जमिनीत लाकडी खांब घालायचा तर आधी वाफेच्या टोकदार नळीने भोक वितळवून घ्या, खांब बसवा आणि परत गोठू द्या. उन्हाळ्यात जेवढा थर वितळतो त्याच्या किमान दुप्पट खोल जा, नाहीतर वरचा थर गोठताना खांबाला धरून उचलतो आणि दोन-तीन वर्षांत पुलाची पाठ उंटासारखी होते.

मोठ्या पुलाचं काम कसं करावं हे शिकायचं तर माइल्स हिमनदीजवळचा कॉपर नदीचा पूल. एकीकडे माइल्स हिमनदी, दुसरीकडे चाइल्ड्स हिमनदी, आणि वरच्या अंगाने घराएवढे हिमखंड वाहत येतात. चार गाळे, म्हणजे खांबांमधले पुलाचे भाग: ४००, ३००, ४५० आणि ४०० फूट. मुख्य अभियंता इ. सी. हॉकिन्स, पोलाद उभारण्याचं काम ए. सी. ओनील यांच्याकडे. काँक्रीटचे खांब नदीच्या तळाखाली खोलवर नेऊन बसवले, त्यांना रुळांचंच चिलखत घातलं, आणि प्रवाहाच्या बाजूला वेगळे हिमखंडरोधक बांधले. खांब स्वतः बर्फाचा मार खात नाही, पुढचा रोधक खातो. हे डोळ्यांत भरण्यासारखं आहे.

पण खरी परीक्षा १९१० च्या वसंतातली. गाळे जोडताना त्यांना तात्पुरता आधार म्हणून नदीत लाकडी खांबांचं जंगल उभं केलं होतं, सात फूट जाडीच्या बर्फातून ठोकलेलं. पाणी चढायला लागलं तसा तो बर्फ खांबांना घट्ट धरून उचलू लागला. मग प्रत्येक खांबाभोवती बर्फ सुटा ठेवायचा: मिळेल त्या इंजिनाची वाफ नळ्यांनी आणून वितळवायचं आणि कुऱ्हाडींनी तोडत राहायचं, रात्रंदिवस. ४५० फुटांच्या गाळ्याखालचा आधार बर्फाने तब्बल १५ इंच सरकवला. माणसांनी दोर-कप्प्या लावून तो परत ओढून जागेवर आणला, कारण १५ इंच चुकलेला गाळा खांबावर बसलाच नसता. मे महिन्याच्या मध्यावर एका मध्यरात्री गाळा जोडून झाला आणि तासाभरात बर्फाने सगळा लाकडी आधार वाहून नेला.

यातून तुम्ही काय करायचं? बर्फ फुटण्याच्या तारखेपासून मागे मोजा. सर्वांत लांब गाळा आधी घ्या, बंदरातून त्याचं पोलाद आधी उतरवून घ्या, आणि वाफेच्या नळ्या व बॉयलर लागण्याआधीच पुलाशी आणून ठेवा. त्या पथकाबद्दल मला अपार आदर आहे, पण तासाभराच्या फरकाचा बेत कुणी ठरवून आखू नये.

नुसत्या गोठलेल्या पाण्यावरून रूळ न्यायची वेळ आलीच तर लांब स्लीपर वापरा, म्हणजे भार पसरतो, आणि इंजिन नेऊ नका. १९०४ मध्ये बैकाल सरोवरावर रूळ टाकले तेव्हा आधी इंजिन नेऊन पाहिलं, ते बुडालं. मग डबे एकेक करून घोड्यांनी ओढले आणि इंजिनं सुटी करून नेली. बर्फावर दोन डबे जवळजवळ उभे ठेवू नका, आणि काठाशी, जिथे बर्फ पाण्याबरोबर वर-खाली होऊन मोडतो, तिथे ओंडक्यांचा तरता उतार करा.

रुळांमधली फट

३३ फुटी रूळ उणे ४० पासून अधिक ४० अंशांपर्यंत गेला तर सव्वानऊ मिलिमीटर वाढतो. एका मैलात एका बाजूला १६० रूळ. म्हणजे मैलामागे जवळजवळ दीड मीटर. कडाक्याच्या थंडीत टाकताना रुळांच्या टोकांत पूर्ण फट ठेवा, उन्हाळ्यात टाकताना जवळजवळ चिकटवा. फटीसाठी वेगवेगळ्या जाडीच्या लोखंडी चिपा बनवून घ्या आणि थर्मामीटर मुकादमाच्या हातात द्या, हवेत टांगायला नव्हे, रुळाला टेकवायला. थंडीत चिकटवून टाकलेला मार्ग जूनमध्ये सापासारखा वळतो. उन्हाळ्यात मोकळा टाकलेला जानेवारीत बोल्ट तोडतो.

थंडीत रूळ मोडतातही, विशेषतः फॉस्फरस जास्त असलेल्या जुन्या पोलादाचे. गाडीच्या आधी पहाटे माणूस चालत गेलाच पाहिजे. हातोडीने ठोकल्यावर चांगला रूळ लांब वाजतो, तडकलेला लगेच दबतो. एकदा कानात बसलं की चुकत नाही.

गोठताना जमीन काही ठिकाणी फुगून रूळ वर उचलते. त्या वेळी खडी ठोकून उपयोग नाही, ती गोठलेली असते. शेजारच्या सखल भागात रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या घालून पातळी जुळवा, वसंतात जमीन बसेल तशा एकेक काढत जा. पट्ट्या शरदातच पाव इंचापासून तीन इंचांपर्यंत कापून गाडाभर ठेवाव्यात.

माणसं

व्हाइट पासच्या बांधकामावर सुमारे ३५,००० माणसं येऊन गेली, मृत्यू ३५ नोंदले गेले. त्या काळच्या डोंगरी कामासाठी हा आकडा कमी आहे, आणि माझा तर्क असा की जेवण आणि डॉक्टर यांना हेनीने दिलेलं महत्त्व त्यामागे आहे. डॉ. व्हाइटिंग हेनीच्या व्हाइट पास आणि कॉपर नदी या दोन्ही मार्गांवर होते. तळावर दारू नव्हती. तुम्हीही मांस, लोणी, सुकी फळं, बटाटे यांवर काटकसर करू नका. उणे ३० मध्ये फावडं मारणाऱ्याला दुप्पट लागतं. तंबूत मोजे वाळवायला वेगळी शेगडी आणि दोरी ठेवा, कारण ओले मोजे पायाची बोटं घेतात.

माणसं टिकतील असं मात्र धरून चालू नका. ऑगस्ट १८९८ मध्ये ॲटलिनला सोनं सापडल्याची बातमी आली आणि शेकडो कामगार कंपनीच्याच कुदळी-फावडी घेऊन निघून गेले. अलास्का रेल्वेच्या वेळी, १९१५ नंतर, छोट्या टोळ्यांना शंभर-शंभर फुटांच्या मोजणीवर काम ठेक्याने दिलं. आपला ठरलेला तुकडा संपवल्यावरच पूर्ण पैसे, म्हणून टोळी थांबते. मला ही पद्धत रोजंदारीपेक्षा न्याय्य वाटते, फक्त दर ठरवण्याआधी खाली खडक आहे की गोठलेला गाळ हे खणून दाखवलं पाहिजे.

गाड्या सुरू झाल्यावर

पहिल्या हिवाळ्यात रुळांवरचा बर्फ कापून बाजूला फेकणारा फिरत्या पात्यांचा हिमनांगर नसेल तर मार्ग तयार असूनही तुमचा नाही. हिमलोटाच्या पट्ट्यांत लाकडी छप्पर घाला. पाण्याच्या टाक्यांना बंदिस्त खोली आणि खाली शेगडी लागते. मोऱ्यांकडे जास्त लक्ष द्या: झऱ्याचं पाणी थरावर थर गोठत मोरी बुजवतं आणि वसंतात पाणी भराव फोडून जातं. प्रत्येक मोरीत शरदातच एक नळी आडवी टाकून तिचं तोंड वर काढून ठेवा, म्हणजे इंजिनाची वाफ आत सोडून बर्फात वाट करता येते.

आणि जिथे नदीशी भांडण परवडत नाही तिथे भांडू नका. चिटिनाला कॉपर नदीवरचा लाकडी पूल दर वसंतात बर्फ वाहून नेई आणि दर वसंतात तो पुन्हा बांधत. पक्क्या पुलापेक्षा हे स्वस्त पडतं, असा हिशेब करूनच तो तसा ठेवला होता. असा पूल तुमच्या मार्गावर असेल तर बर्फ हलायच्या आत वरचे रूळ उचलून काठावर घ्या, गाड्यांच्या वेळापत्रकात त्या आठवड्यांची सुट्टी आधीच छापा, आणि नव्या पुलाचं लाकूड आदल्या हिवाळ्यात तोडून, दोन्ही काठांवर सर्वांत वरच्या ओरखड्यापेक्षा उंच जागी रचून ठेवा.